मास्तरांनी ठोकलं नाही

"वाजली?"

"नाही, मास्तर."

"पुन्हा दाब. सावकाश."

सुवार्तानं पट्टी पुन्हा दाबली. पियानोच्या आत हातोडी हळूहळू तारेकडे चढली, आता शिवणार, आता शिवणार असं वाटेपर्यंत गेली, आणि ऐन वेळी सुटून मागे पडली. तारेला काही पत्ताच नाही.

"आता?"

"नाही वाजली."

"मग बरोबर आहे," शमुवेल मास्तर म्हणाले.

पण ते खुर्चीतून उठले नाहीत, पुढं आले नाहीत.

तिऱ्हाइतानं हे पाहिलं असतं तर त्याला हसू आलं असतं. वाजायचं यंत्र, आणि ते वाजलं नाही म्हणून ही दोघं म्हणतात बरोबर आहे! पण धंदाच तसा. बोटानं पट्टी दाबली की आतली लाकडी हातोडी तारेकडे निघते. तिला तारेवर नेऊन टेकवायचं नसतं. तारेच्या तोंडाशी न्यायचं आणि सोडून द्यायचं. उरलेलं अंतर तिनं आपल्या झोकानं तोडायचं, आणि पट्टी सावकाश दाबली तर झोकच नसल्यामुळं तिनं मुकाट्यानं परत यायचं.

कुठं सोडायचं ते एक बारीकसा स्क्रू ठरवतो. प्रत्येक पट्टीला असा एक स्क्रू. हातोडी लवकर सुटली तर हलक्या हाताचा सूर उमटतच नाही. उशिरा सुटली तर ती तारेला चिकटते आणि सूर जागच्या जागी गुदमरतो. या दोन्हींच्या मधली जागा तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी असते.

सुवार्ता रणभिसे सकाळपासून त्या जागेत अडकून पडली होती.

देवळालीच्या जुन्या आरोग्यभवनाचा तो हॉल. उंच छत, रंगीत काचांच्या खिडक्या, आणि स्टेजवर हा म्हातारा, काळा, लांबलचक पियानो. संध्याकाळी मुंबईच्या अवनबाई कांगा इथं वाजवणार होत्या.

अवनबाई मागच्या हिवाळ्यातही आल्या होत्या. तेव्हा पियानो दुसऱ्याच कुणी तयार केला होता. भर कार्यक्रमात मधली एक पट्टी गुदमरली. बाईंनी ती पुन्हा दाबून पाहिली, पुन्हा तेच. त्या शांतपणे उठल्या, समोर बसलेल्यांना वाकून नमस्कार केला आणि निघून गेल्या. यंदा त्यांना परत बोलवायला हॉलचे सेक्रेटरी सोराबशेठ यांना नाकदुऱ्या काढाव्या लागल्या.

"या वेळीही तसंच झालं," सोराबशेठ सुवार्ताला म्हणाले होते, "तर पियानो विकून टाकायचा असं कमिटीनं ठरवलंय. मास्तर स्वतः येणार आहेत ना?"

"मास्तरांना कशाला त्रास? मी आहे ना," सुवार्ता म्हणाली होती.

शब्द तोंडातून निघून गेला. तिचा स्वभावच तसा. नाशकापासून नगरपर्यंत पियानोच्या आतल्या कामात आपल्यासारखा हात कुणाचा नाही हे तिला ठाऊक होतं, आणि ते दुसऱ्यालाही ठाऊक असावं अशी तिची माफक अपेक्षा असे. ते खरंही होतं. फक्त एक गोष्ट ती कुणाला सांगत नसे. मास्तरांनी ठोकल्याशिवाय काम झालं असं तिला कधीच वाटत नसे.

ठोकणं म्हणजे असं. शिष्यानं काम संपवलं की मास्तर पियानोपाशी यायचे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या पट्ट्या एकेक करून दाबायचे. सावकाश, एकही सूर न उमटवता. आणि शेवटी बोटाच्या पेरानं पट्ट्यांपुढच्या लाकडावर ठोकायचे. टक, टक. मास्तरांच्या गुरूंची हीच रीत, त्यांच्याही गुरूंची हीच. ती टकटक ऐकली की सुवार्ताचे खांदे आपोआप खाली यायचे.

आज ती पहाटेच कामाला लागली होती. तेव्हा हॉल गारठलेला होता. उन्हं खिडक्यांतून आत आली तसं लाकूड तापायला लागलं, आणि सकाळी ठरवलेली जागा दुपारी तिला सरकल्यासारखी वाटायला लागली. अवनबाईंनी फोनवर निक्षून सांगितलं होतं, मला फार हळू वाजवायचंय. म्हणून तिनं हातोड्या तारेच्या अगदी जवळ सोडल्या. मग वाटलं, फार जवळ झाल्या. संध्याकाळी गारठा पडला, लाकूड हललं आणि एखादी चिकटली तर? म्हणून मागं घेतल्या. मग वाटलं, आता हळू सूर उमटणारच नाहीत. पुन्हा पुढं. पुन्हा मागं.

शेवटी तिनं नाशकाला फोन लावला.

"मास्तर, सहज या ना चहाला. हॉल बघण्यासारखा आहे."

"तो हॉल मी तुझ्या जन्माच्या आधीपासून बघतोय," मास्तर म्हणाले. पण रिक्षा करून आले.

आणि आता ते पहिल्या रांगेत शाल गुंडाळून बसले होते.

"मास्तर..."

"काय?"

"ठोकता ना?"

मास्तर उठले. गुडघ्यावर हात टेकत पायऱ्या चढले. पियानोपुढं उभं राहून त्यांनी डावीकडची पहिली पट्टी दाबली, मग दुसरी, मग तिसरी. सुवार्ता त्यांच्याकडे बघत उभी राहिली. कपाळाला आठ्या, खालचा ओठ दातांखाली. मास्तरांची बोटं सरकत सरकत मधोमध आली. तिथं त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं. पुढं सरकले. उजव्या टोकाच्या शेवटच्या पट्टीपर्यंत गेले.

सूर एकही उमटला नाही.

त्यांनी हात उचलला. लाकडावर नेला...

आणि खाली घेतला. शालीत घातला. पायऱ्या उतरून परत खुर्चीत जाऊन बसले.

सुवार्ताला क्षणभर कळेचना काय झालं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चूक असली तर मास्तर तिथल्या तिथं सांगत. "ही बघ," म्हणत. चूक नसली तर ठोकत. तिसरं काही घडताना तिनं पाहिलं नव्हतं.

"कुठं चुकलं, मास्तर?"

"मी म्हटलं का चुकलं?"

"मग ठोकलं का नाहीत?"

मास्तर खिडकीकडे बघत राहिले.

"कुठली पट्टी, तेवढंच सांगा. बाकी मी बघते."

"तू सांग."

झालं. सुवार्ताच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे आहे. कुठली तरी एक पट्टी आहे. मास्तरांच्या बोटांना लागली आणि आपल्या बोटांना लागली नाही. ती स्टुलावर बसली आणि वाकड्या तोंडाचा लांब स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन पुन्हा डावीकडून सुरू झाली.

जी गोष्ट असलीच पाहिजे म्हणून माणूस शोधतो, ती त्याला जिथं तिथं दिसते. तिचं तसंच झालं. ही जरा उशिरा सुटतेय का? स्क्रू थोडा फिरव. मग शेजारची त्या मानानं लवकर वाटायला लागली. तीही फिरव. एक पट्टी दाबल्यावर खोल गेल्यासारखी वाटली. तिनं ती काढली, खालच्या लोकरी नमद्याखाली पातळ कागदी चकती सरकवली, परत बसवली. मग ती उंच वाटली. चकती काढली. बोटं घामेजली होती. तिनं ती ओढणीला पुसली, पुन्हा दाबलं, पुन्हा पुसलं.

"मधली आहे ना?" तिनं मान न वळवता विचारलं. "मधे थांबला होतात तुम्ही. माझ्याकडे बघितलंत."

"बघितलं खरं."

"म्हणजे मधलीच."

चहा आला. मास्तरांनी स्वतःचा चहा प्यायला. तिचा स्टेजच्या कडेला निवत राहिला.

ती मधल्या पट्ट्यांवर तुटून पडली. गेल्या वर्षी गुदमरली होती ती पट्टी तर तिनं इतक्या वेळा तपासली, की आता ती दाबताना बोटाला काही जाणवेनासंच झालं. चूक असली तरी कळणार नाही आणि नसली तरी कळणार नाही! हे लक्षात आलं तेव्हा मात्र ती खरीच घाबरली. आपला हात गेला, असं तिला वाटलं. ज्याच्या जोरावर सोराबशेठांना ताठ मानेनं उत्तर दिलं, तो हात ऐन वेळी आपल्याला सोडून गेला.

खिडकीतलं ऊन स्टेजवरून सरकून भिंतीवर चढलं. अवनबाई यायची वेळ होत आली.

"मास्तर, मी पाया पडते तुमच्या," ती वळून म्हणाली. "परीक्षा उद्या घ्या. परवा घ्या. आज त्या बाई परत उठून गेल्या ना, तर हा पियानो जाईल. आणि या भागात मला कुणी दारात उभं करणार नाही. तुम्हाला दिसतंय, मला दिसत नाहीये. मग सांगायला काय जातं तुमचं?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं.

"तो इकडं आण," ते म्हणाले.

"काय?"

"स्क्रूड्रायव्हर."

तिच्या जिवात जीव आला. मास्तर स्वतः करणार! ती पायऱ्या उतरून धावतच गेली आणि त्यांच्या हातात हत्यार ठेवलं. मास्तरांनी ते शालीत गुंडाळलं. गुंडाळी मांडीवर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसले.

"बस जा," ते म्हणाले.

"आणि?"

"दाब."

"आणि चूक सापडली तर? कशानं नीट करू, बोटांनी?"

"नको करूस."

"मग दाबून उपयोग काय?"

मास्तरांनी मानेनंच पियानोकडे खूण केली.

ती ताडताड पायऱ्या चढली. रागानं स्टूल ओढलं. हा म्हातारा आज आपल्याला बुडवायलाच आलाय, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं. पण बसून राहण्यातही अर्थ नव्हता. तिनं डावीकडची पहिली पट्टी दाबली.

पट्टी खाली गेली. हातोडी सुटली. मागं पडली.

तिचा उजवा हात सवयीनं हत्याराकडे गेला. तिथं हत्यार नव्हतं. ती पुढच्या पट्टीवर गेली.

पहिल्या काही पट्ट्या रागातच गेल्या. मग राग ओसरला, कारण करायला दुसरं काही नव्हतं. नीट करता येणार नाही म्हटल्यावर चूक शोधायची घाईही राहिली नाही. पट्टी दाबायची, सोडायची, पुढं जायचं. खालच्या जाड सुरांच्या पट्ट्या गेल्या. बोटाच्या टोकाला हातोडी सुटल्याचा तो छोटासा झटका लागायला लागला. केवढासा असतो तो! दारामागं कुणी अलगद कडी काढावी तेवढा. सकाळपासून तो तिला लागलाच नव्हता. सकाळपासून ती पट्टी दाबताना पुढच्या स्क्रूचाच विचार करत होती.

लागतोय. अजून लागतोय. ती मधे आली. गेल्या वर्षीची ती पट्टी आली. तिनं ती दाबली, झटका लागला, हातोडी मागं पडली, आणि ती न थांबता पुढं गेली. ती आपण एकदाच दाबली हे तिच्या नंतर लक्षात आलं.

तिच्यापुढं थोड्या अंतरावर एक पट्टी मात्र खाली जाता जाता कुजबुजली. सूर म्हणता येणार नाही इतका बारीक आवाज. हातोडी तारेला पुसटशी शिवली होती.

सुवार्ता थांबली. पुन्हा दाबून पाहिली नाही. गरजच नव्हती. दुपारी घाबरून जे काही फिरवलं, त्यातलीच ही एक. तिला अगदी आठवलं, मधल्या पट्ट्यांवर तुटून पडताना याच पट्टीला सगळ्यात आधी हात लावला होता, आणि लावायचं काही कारण नव्हतं.

ती तशीच उजव्या टोकापर्यंत गेली. बाकी कुठं काही नव्हतं. मग उठली, खाली आली आणि हात पुढं केला.

"द्या."

मास्तरांनी शाल सोडली. हत्यार दिलं. कुठली पट्टी, विचारलं नाही.

तिनं वर जाऊन एकच स्क्रू अंमळसा मागं फिरवला. पट्टी दाबली. काही वाजलं नाही. बाकीच्या पट्ट्यांकडे तिनं बघितलंही नाही. स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला, पिशवीचं तोंड बांधलं आणि निवलेला चहा एका दमात पिऊन टाकला.

"झालं," ती म्हणाली.

हा शब्द आजवर तिनं मास्तरांच्या तोंडून ऐकला होता. स्वतःच्या तोंडून निघालेला ऐकून तिला चमत्कारिकच वाटलं. तिनं मास्तरांकडे पाहिलं. आता तरी उठतील, येतील, ठोकतील...

मास्तर बसूनच होते.

तेवढ्यात मागचा दरवाजा उघडला. अवनबाई आत आल्या. लहानखुरी, ताठ बाई, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात काठी. त्यांच्यामागं सोराबशेठ, चेहरा पार उतरलेला.

"शमुवेल मास्तर!" अवनबाई म्हणाल्या. "तुम्ही आला ते लई बरा झाला. बोला, तयार हाय का?"

मास्तरांनी अवनबाईंना सलाम केला. मग मान वळवून सुवार्ताकडे पाहिलं. अवनबाईंनी पाहिलं. सोराबशेठांनी पाहिलं.

ठोकलेलं नसताना तयार आहे म्हणायचं, हे सुवार्तानं जन्मात केलं नव्हतं. नाही म्हणावं तर आजचा कार्यक्रम इथंच संपला. हो म्हणावं तर यापुढं जे काही होईल ते तिच्या एकटीच्या माथी. लाकूड हललं तरी तिच्या, हातोडी चिकटली तरी तिच्या. तिला मास्तरांच्या शालीमागं लपावंसं वाटलं. इतक्या वर्षांची ती बाई, पण खरंच तसं वाटलं.

"तयार आहे," ती म्हणाली.

अवनबाई वर गेल्या. काठी पियानोला टेकवून ठेवली. स्टूल पुढंमागं केलं. बराच वेळ नुसत्याच बसल्या. मग त्यांनी एक पट्टी दाबली. इतकी हळू, की सुवार्ताचे डोळे आपोआप मिटले.

सूर आला. अगदी लहान, पण अख्खा. हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि तिथं विरला.

अवनबाईंनी दुसरी पट्टी दाबली. मग गेल्या वर्षीची ती. मग वरच्या, मग दोन्ही हातांनी. चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि वाजवायला लागल्या. सोराबशेठ मिळेल त्या खुर्चीत बसले.

सुवार्ता पायऱ्या उतरून मास्तरांशेजारच्या खुर्चीत येऊन बसली. आनंद झाला होता, पण आनंदाच्या तळाशी काहीतरी सलत होतं, आणि ते विचारल्याशिवाय तिला राहवलं नाही.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "पियानो बरोबर आहे."

"हं."

"मी नंतर जो स्क्रू बिघडवला तो सोडला, तर दुपारीही बरोबरच होता."

"असेल."

"असेल? तुम्ही सगळ्या पट्ट्या दाबून बघितल्यात. एकही वाजली नाही. मग ठोकलं का नाहीत?"

मास्तर स्टेजकडे बघत होते. अवनबाईंच्या उजव्या हाताचे सूर एकेक करून खाली येत होते. मास्तरांनी शालीतून आपला हात काढला आणि न बघताच तिच्यापुढं धरला.

"दाब," ते म्हणाले.

"काय?"

"बोट. टोकाला दाब."

तिनं त्यांच्या तर्जनीचं टोक चिमटीत धरलं आणि दाबलं.

मास्तर स्टेजकडेच बघत राहिले.

तिनं आणखी जोरात दाबलं. नख रुतवलं. कातडीवर पांढरी खूण उमटली.

"दाबलंस का?" मास्तरांनी विचारलं.

सुवार्ता त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग बोटाकडे. मग तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं. साखरेच्या आजारानं बोटांतली जाणीव नेली."

दोन वर्षं... त्या दोन वर्षांतले पियानो तिच्या डोळ्यांपुढून गेले. नाशकाच्या चर्चमधला, भगूरच्या शाळेतला, नगरच्या डॉक्टरीणबाईंचा. प्रत्येकावर मास्तरांची बोटं सरकली होती. प्रत्येकापाशी ती वाट बघत उभी राहिली होती, आणि प्रत्येक वेळी मास्तरांनी ठोकलं होतं.

"मग इतके दिवस तुम्ही ठोकत कशावरून होतात, मास्तर?"

मास्तरांनी पहिल्यांदाच स्टेजवरची नजर काढली आणि तिच्याकडे वळवली.

"तुझ्या तोंडाकडं बघून."